पलंगासकट पाहणी

आमच्या संस्थेचे अध्यक्ष जन्मभर एका नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. त्यांना रिकामी खुर्ची बघवत नाही. समीक्षक येणार असला की पुढच्या रांगांत फुकट पासवाले आणून बसवायचे, हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता. माणूस निवृत्त होतो, शिरस्ता होत नाही. त्या शिरस्त्यापायी माझ्या सासूबाई भर सकाळी पलंगावर आडव्या पडून मुख्य रस्त्यावरून गेल्या. मी पुढे चालले होते आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून देवाची विनवणी करत होते. झाडून सगळे भेटले.

पण हे मधलं झालं. आधीचं सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील ही बाई सासूला भंगारात द्यायला निघाली होती.

आमची संस्था आजारी माणसांना लागणारं सामान वापरायला देते. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या आणि हँडल फिरवलं की पाठीकडून वर येणारा पलंग. पलंग एकच. भाडं नाही, अनामत नाही, पावती नाही. मी या संस्थेची चिटणीस, पण नोकरीने शाळेत हेडक्लार्क आहे, सहीशिवाय मी खडूसुद्धा सोडत नाही, तेव्हा हा कारभार माझ्या जिवावर येतो. पण संस्था माझ्या आधीपासूनची आहे आणि तिला हीच वळणं लागलेली आहेत. कुणी बरं झालं, किंवा बरं होण्याच्या पलीकडे गेलं, की घरचे मला फोन करतात. मी त्यांना पुढच्या माणसाचा पत्ता सांगते. सामान परस्पर त्या घरी पोचतं. त्यामुळे छापखान्यामागच्या आमच्या केंद्रात एक टेबल, दोन खुर्च्या आणि जोडीदार हरवलेली एक कुबडी, याखेरीज काही नसतं. केंद्र रिकामं असलं की समजायचं, काम नीट चाललंय.

शिंपी आला तेव्हा मी केंद्राला कुलूप लावत होते. त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला, मागे एक खोली, त्या खोलीत नवरा-बायको दोघंच. बायकोच्या मणक्याचं मोठं ऑपरेशन झालेलं. घरी सोडल्यावरही कितीतरी महिने तिला कंबरेतून वाकवायचं नव्हतं. बसवायची तर सबंध पाठ खालून वर उचलायची, आणि हे एकट्याने हातांनी करायला जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हँडलचा पलंग भाड्याने मिळतो. पण ते भाडं त्याच्या ऐपतीतलं नव्हतं.

"महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हॉस्पिटलातून सोडणार आहेत तिला, वहिनी," तो म्हणाला. "पलंगाचं जमलं नाही तर तिच्या भावाकडे पाठवतो. तिकडे माणसं पुष्कळ आहेत घरात, उचलतील."

"भाऊ असतो कुठे?"

"लांब. जायला सबंध दिवस."

"आणि तिचं काय म्हणणं?"

"ती म्हणते, एकदा तिकडे टाकलंत की मला परत आणायला तुम्हाला सवड व्हायची नाही." तो जरासा हसला. "तिचं खरंच आहे. दुकान सोडून मला कुठे जाता येतंय?"

आता तो पलंग होता कुठे? माझ्या घरी. माझ्या सासूबाईंच्या खाली. त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पलंग आमच्याकडे. शिंप्याला हे ठाऊक होतं. सबंध गल्लीला ठाऊक होतं. त्याने अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मला निदान चिडता आलं असतं.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, आई आता वॉकर धरून चालतात. पलंगाशिवाय नाही का भागणार?"

ह्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "चालतात गं. पण आडवं झाल्यावर त्यांना उठवणार कोण? माझी कंबर तुला माहितीये."

ह्यांची कंबर मला चांगली माहितीये. कपाट सरकवायचं निघालं की ती धरते आणि टीव्हीवर सामना लागला की सुटते. म्हणजे आईंना दिवसातून जितक्या वेळा उठायचं, तितक्या वेळा मी. आणि आईंना आधी विचारायचं, तेही मीच. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आईंना माझ्या हातचं काही पसंत पडलेलं नाही. चादर ओढून घातली तर म्हणतात फळीवर निजल्यासारखं वाटतं, सैल घातली तर म्हणतात सुरकुत्या टोचतात. अशा बाईला मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते, आई, पलंग सोडा? माझ्यात ती हिंमत नाही. अर्ज करायची मात्र सवय आहे. मी अर्ज केला.

शहरातल्या चार पैसेवाल्यांनी एकत्र येऊन काढलेलं एक प्रतिष्ठान आहे. ते आमच्यासारख्या स्थानिक संस्थांना अनुदान देतं. आम्हाला ते सामानाच्याच रूपात मिळणार होतं. पाहणी झाली आणि पाहणाऱ्याने होकार भरला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोदामातून सामान दारात. मी दोन पलंग मागितले. मनात हिशेब सरळ होता. पलंग आला की शिंप्याची बायको घरी येईल, आई आहेत तिथे राहतील, आणि मला कुणाशी काही बोलावं लागणार नाही.

अर्ज परत आला. मला! ज्या बाईने केलेली शाळेची कागदपत्रं शिक्षण खात्यातून आजवर एकदाही परत आली नाहीत, तिचा अर्ज. 'दहा वर्षांनंतरचं संस्थेचं स्वप्न' असा एक रकाना होता. मी लिहिलं होतं, 'आमची कुणालाच गरज पडू नये.' त्यावर शेरा आला, 'स्वप्न मोजता येण्याजोगे असावे.' मी दोन रात्री जळफळत काढल्या आणि मोजता येण्याजोगं स्वप्न पाहिलं. मग विचारलं, सामान हरवण्याचा धोका तुम्ही कसा हाताळता? आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, लिही, आम्ही लोकांना ओळखतो. मी तसं लिहिलं. शेरा आला, 'पुरावा जोडा.' ओळखीचा पुरावा कसा जोडतात? काकूंना जोडायचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

असं करता करता शेवटचा आठवडा उजाडला आणि मग एकदाचा फोन आला. प्रतिष्ठानच्या एक बाई गुरुवारी सकाळी अकराला पाहणीला येणार. त्यानंतर दोनच दिवसांनी शनिवार.

बुधवारी आम्ही सभा घेतली. सभेला अध्यक्ष, मी आणि काकू. काकू कुठल्याच पदावर नाहीत, म्हणून त्या सगळ्या सभांना असतात.

अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली. "हे दाखवणार आपण?"

"हेच आहे," मी म्हटलं.

"चिटणीसबाई, ओस पडलेलं नाट्यगृह पाहून कुणी म्हणेल का, की नाटक जोरात चाललंय?"

याला मला आता रोज एक उत्तर सुचतं.

"तासाभराचा तर प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "सगळं सामान गोळा करायचं, बाईंना दाखवायचं, बारापर्यंत ज्याचं त्याला घरपोच."

"पलंगसुद्धा आणा," काकू म्हणाल्या. "पलंग दिसला की भारदस्त वाटतं."

मी म्हणायला हवं होतं की पलंगावर माणूस आहे. पण शनिवार डोळ्यांपुढे होता आणि बुद्धी गहाण पडलेली होती. मी मान डोलावली.

गुरुवारी सकाळपासून सामान यायला लागलं. लोक चांगले, कुणी का म्हणून विचारलं नाही. लॉन्ड्रीवाल्याने आपला वॉकर पाठवला आणि स्वतः इस्त्रीच्या टेबलाला धरून उभा राहिला. पोस्टमास्तरांनी कमोडची खुर्ची दिली. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही. देताना एवढंच म्हणाले, "बारा म्हणजे बारा बरं का, चिटणीसबाई. माझं वेळापत्रक माझ्या हातात नाही."

पलंग उचलायला शिंपी आला, सोबत दुकानाशेजारचे तिघं. शिंप्याला बघून मला कसंतरीच झालं. ज्या पलंगावाचून त्याची बायको परक्या गावी चालली होती, तोच तो उचलायला आला होता, आणि तेही हातावर पट्टी बांधून, अंगठ्यात सुई गेली म्हणून.

आई म्हणाल्या, "पलंग न्यायचा? न्या की. पण मी उतरणार नाही."

"आई, तासाभराचं काम आहे. खुर्चीत बसा ना तोवर."

"कितीतरी दिवस छत बघतेय मी. त्यातला प्रत्येक डाग मला पाठ झालाय. पलंग बाहेर चाललाय तर मीही बाहेर जाते. रस्ता तरी दिसेल."

ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची कंबर दुखत होती.

तर अशी ती मिरवणूक. पलंगाला चाकं होती, पण एक अडकायचं, म्हणून निम्मा रस्ता ढकलत, निम्मा उचलत. समोरून येणारे लोक बाजूला व्हायचे, माना खाली घालायचे. एका गृहस्थांनी टोपी काढून छातीशी धरली. आईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "घाला ती डोक्यात," त्या म्हणाल्या. "आहे मी अजून." गृहस्थ इतके दचकले की टोपी हातातून पडली. चौकात माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका रिक्षात बसलेल्या होत्या. मी आजारी असल्याची चिठ्ठी सकाळीच त्यांच्या टेबलावर पोचली होती.

अकराच्या आत खोली अशी भरली की अध्यक्षांचे डोळे पाणावले. चाकाच्या खुर्च्या एका ओळीत, वॉकर उंचीप्रमाणे, मधोमध पलंग, पलंगावर आई. आईंचं काय करायचं हा प्रश्न होता. अध्यक्ष म्हणाले, असू द्या, प्रात्यक्षिक म्हणून शोभतात.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. बाई येईनात. मी फोन केला तर कुणी म्हणालं, निघाल्यात. बारा वाजता लॉन्ड्रीवाल्याचा फोन आला. इस्त्री तापली होती आणि धरायचं टेबलही तेच. मी म्हटलं, थोडं थांबा. मग एका आजोबांच्या मुलीचा फोन, बाबा सकाळपासून एकाच जागी बसलेत, चाकाची खुर्ची कधी पाठवता. थोडं थांबा. मग पोस्टमास्तरीणबाईंचा फोन. नुसता सुस्कारा टाकला आणि फोन ठेवला. एकेकाला सामान परत करावं तर बाई नेमक्या तेवढ्यात येणार, आणि न करावं तर ही माणसं माझ्यापायी ताटकळलेली. शिंपी पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. दुकान बंद ठेवून आला होता बिचारा. दर थोड्या वेळाने तो दाराकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे बघणं टाळायची.

बाई आल्या एक वाजता. तरुण, घामाघूम, हातात फाईल. गाडी बंद पडली म्हणाल्या, दोनदा माफी मागितली. चांगल्या घरची मुलगी वाटली. पाणी प्यायली आणि खोलीभर हिंडली. अध्यक्ष मागून एकेक वस्तू पडदा सारल्यासारखी दाखवत होते.

"छान ठेवलंय सगळं," बाई म्हणाल्या. "आणि हे सगळं सध्या इथेच असतं?"

"सदैव सज्ज," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी काहीतरी लिहिलं. वॉकर मोजले, खुर्च्या मोजल्या, पलंगापाशी येऊन थांबल्या. आईंना नमस्कार केला. "आजी इथे उपचाराला आल्यात का?"

"मी प्रात्यक्षिक आहे," आई म्हणाल्या.

बाई हसल्या. मग फाईल चाळून म्हणाल्या, "मला एक कळत नाहीये. इतकं सामान शिल्लक आहे तुमच्याकडे. पलंगसुद्धा आहे. मग आणखी दोन पलंग कशाला हवेत? आमच्याकडे अशा संस्थांचे अर्ज आहेत की ज्यांच्या खोलीत काहीच नाही."

शिंप्याने पलंगाची दांडी घट्ट धरली, एवढं मला दिसलं.

मी काही बोलणार तोच दारातून पोस्टमास्तर आले. एका हाताने भिंत धरलेली, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की मोठमोठी साम्राज्यं त्यापुढे थांबावीत. "चिटणीसबाई," ते म्हणाले, "पाहणी तुमची सावकाश होऊ द्या. माझी खुर्ची मला आत्ता द्या."

त्यांच्यामागे पायरीवर लॉन्ड्रीवाला बसलेला दिसला. त्याच्यामागे त्या आजोबांची मुलगी. बाईंनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

काय राहिलं होतं लपवायला? मी सगळं सांगितलं. हे सामान रोज लोकांच्या घरी असतं, इथे कधीच नसतं, तुम्हाला दाखवायला आज ओढून आणलं, हा पलंग माझ्या घरचा, ह्या माझ्या सासूबाई. बोलता बोलता माझा आवाज चढला. का चढला कोण जाणे, चूक माझीच होती. शेवटी म्हटलं, "आम्ही मूर्ख आहोत बाई, पण लबाड नाही."

बाईंनी फाईल खाली ठेवली आणि कमोडच्या खुर्चीची एक बाजू स्वतः उचलली. छापखान्याच्या मागच्या आडोशापर्यंत आम्ही दोघींनी ती नेली. पोस्टमास्तरांचा आब राहिला, एवढंच सांगते.

परत आल्यावर बाई टेबलापाशी बसल्या. "मला खरंच वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "रिकामी खोली दाखवली असती ना, तर मी आजच मंजूर करून गेले असते. पण मांडून दाखवलेलं मी डोळ्यांनी बघितलं. आता ते न लिहिता मला जाता येणार नाही. या वेळचा अर्ज बाद होईल. पुढच्या वर्षी करा. मी स्वतः येईन."

"पुढच्या वर्षी," अध्यक्ष म्हणाले आणि मटकन बसले, नेमके चाकाच्या खुर्चीत. ती सरकत भिंतीवर जाऊन आदळली. हसण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

बाई गेल्या. लोक आपापलं सामान घेऊन गेले. एकानेही मला बोल लावला नाही, त्याने मला जास्त रडू येत होतं. शिंपी म्हणाला, "वहिनी, चला, आईंना पोचवू. मग मला जरा फोन करायचाय. तिच्या भावाला."

आईंनी मान उचलली. "कुणाच्या भावाला?"

शिंपीच म्हणाला, "बायकोला शनिवारी तिकडे पाठवायचंय, आई. मणक्याचं झालंय तिचं. तिला असा पलंग लागतो."

"असा म्हणजे हा?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आता काय ऐकावं लागणार ते मला पाठ होतं. सांगायला तोंड नव्हतं का, सगळ्या गावाला माहीत आणि मला नाही, माझी शोभा केलीस. मी वाट बघत राहिले.

"ए," आई शिंप्याला म्हणाल्या, "ते हँडल फिरव. मला बसतं कर."

त्याने हँडल फिरवलं. आई वर आल्या. पाय खाली सोडले, दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मी धरून उभं केलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"आई, असं कसं," शिंपी पार गोंधळला. "तुम्हाला रात्रीअपरात्री उठायचं झालं तर? तुम्हाला कोण उठवणार?"

"मला ही आहे," आई म्हणाल्या. "तुझ्या बायकोला तू एकटा. हिच्या हातात मी पडायची नाही."

अध्यक्ष तिथे होते, काकू होत्या, पलंग उचलणारे तिघं होते. सगळ्यांनी ऐकलं. मला आणखी एकदा ऐकायचं होतं, पण आईंना परत विचारायची सोय नसते.

शनिवारी शिंप्याची बायको स्वतःच्या घरी आली. मी गेले होते. त्याने हँडल फिरवलं, तशी ती हळूहळू वर आली आणि मधल्या दारातून तिला दुकान दिसायला लागलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या निळ्या सदऱ्याची कॉलर वाकडी लावलीत तुम्ही." शिंप्याने सदरा काढून कॉलर उसवायला घेतली. त्याला शिवण दिसत नव्हती, सारखे डोळे पुसत होता.

रविवारी, साध्या खाटेवरच्या तिसऱ्या सकाळी, आई जाग्या झाल्या आणि मला हाक मारली. मी त्यांच्या मानेखाली एक हात घातला, पाठीखाली दुसरा, आणि घाईने उचलायला गेले. त्या कळवळल्या. मी हात तिथेच थांबवले. आता चादरीपासून सुरुवात होणार, असं मला वाटलं.

"दमानं घे," आई म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्याला धरलं. "मला तुझी सवय होऊ दे जरा."